अव्वाचा अंगठा

खोली बघायला गेलो तेव्हा अव्वानं आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दारातल्या कट्ट्यावर ती पाय सोडून बसली होती. मांडीवर सूप, सुपात मटकी. निवडता निवडता मला म्हणाली, "पाय फुडं कर."

मला वाटलं, पाय धुऊन आत यायचं असेल. मी साडी जराशी वर धरून पाय पुढं केला. तिनं सूप बाजूला ठेवलं, वाकली आणि माझ्या नडगीवर, घोट्याच्या जरा वर, अंगठा रुतवला. दुखेल इतका जोरात, आणि दाबूनच धरला. मग अंगठा उचलून ती त्या जागेकडं टक लावून बघत राहिली, दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडं बघतात तशी.

"खड्डा न्हाय," ती म्हणाली. मग माझ्या नवऱ्याकडं वळली. "आता तुजा."

नवरा बिचारा भर गल्लीत पँट वर करून उभा राहिला. त्याचीही नडगी दाबून झाली.

"हाडकुळा हाईस, पर बरा हाईस. खोली मागल्या अंगाला हाय. भात खाणारी माणसं काय तुमी?"

आम्ही भात खाणारीच माणसं. गोंदियाच्या पलीकडं, धानाच्या बांध्यांमध्ये आमचं गाव. सातवी झाली तशी माझी शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि नवऱ्याच्या एका दोस्तानं त्याला कोल्हापुरात उद्यमनगरच्या फौंड्रीत लावून दिलं. आमच्याकडून निघालेली गाडी अख्खं राज्य आडवं कापत येते आणि कोल्हापुरात थांबते. तिथून पुढं रूळच नाहीत. उतरले तेव्हा मी ते वळून वळून बघत राहिले होते. इथल्या लोकांचं बोलणं मला भांडणासारखं वाटायचं. दुकानदार "काय पायजे ओ?" म्हणाला तरी मी दचकायची. दार वाजलं की दचकायची, नवऱ्याला पाळीवरून यायला उशीर झाला की रडायची. अशा बाईला मंगळवार पेठेत डोक्यावर छप्पर मिळालं ते नडगीत खड्डा पडला नाही म्हणून.

अव्वा लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, माहेर निपाणीकडचं. कानडीत अव्वा म्हणजे आई, म्हणून आम्ही भाडेकरू तिला अव्वा म्हणायचो. बाकी गल्लीची ती आज्जी. नवरा कधीच गेलेला, पोरबाळ नाही. आमच्याशी मराठी बोलायची, देवाशी आणि मांजराशी कानडी. फार संतापली तर आमच्याशीही कानडी. तेव्हा काय म्हणतेय ते कळायचं नाही आणि तेच बरं असायचं.

पेठेत तिला जरा फिरलेली समजत. कारण तो अंगठा. दारात आलेला माणूस पाय दाबून घेतल्याशिवाय परत गेला असं सहसा होत नसे. पोस्टमनची नडगी झाली, सिलिंडरवाल्याची झाली. सिलिंडरवाला तर नंतर नंतर टाकी खाली ठेवायच्या आधीच पाय पुढं करून उभा राहायचा. "घ्या आज्जी, दाबा, मला अजून फुडची गल्ली हाय."

एकदा नगरसेवकाच्या निवडणुकीला उभा राहिलेला एक गृहस्थ हात जोडत आला. गळ्यात हार, मागं पोरांचा घोळका. अव्वा वाकली. म्हातारी पाया पडतेय असं वाटून तो "नको, नको आज्जी" म्हणत मागं सरला, तोवर हिनं त्याचा पाय धरलाच होता. सगळी गल्ली बघतेय.

"पायात पाणी हाय तुज्या," ती म्हणाली. "मतं मागनं माग, आदी डाक्टरला दाव."

मागची पोरं हसली. तो माणूस पडला निवडणुकीत. मी अव्वाला विचारलं, तुम्ही मत कुणाला दिलं? तर म्हणे, "त्यालाच की. आजारी माणूस, कशाला मन मोडायचं."

तिच्या लेखी जगातलं सगळं अन्न दोन जातींचं. एक पाणी आणि एक घट्ट. भात, पेज, साबुदाणा, चहा-बटर, रस्सा, वरणाच्या वरचं निवळ, हे सगळं पाणी. डाळ, उसळ, शेंगदाणे, फुटाणे, दूध, दही, अंडं, मटणाची फोड, हे घट्ट. भाकरी मधेच कुठंतरी. ती ज्याच्याबरोबर खाल्ली त्याच्या जातीत जायची. तिची ही वाटणी सगळी बरोबर होती असं नाही. पालेभाजीला ती गवत म्हणायची आणि फळांना खेळणं. पण घट्टाच्या बाबतीत ती ऐकून घ्यायची नाही. तिच्या स्वयंपाकघरात खुंट्यांना ओल्या फडक्यांच्या पुरचुंड्या लटकत असत. एकीत मटकी, एकीत हुलगा, एकीत चवळी, मोड यायला टांगलेल्या. त्या वासानं घरात शिरलेल्या नव्या माणसाचं नाक वाकडं व्हायचं. जाताना त्याच माणसाच्या मुठीत शेंगदाणे-फुटाणे असायचे, आणि ते दारातच खाऊन संपवावे लागायचे. "घराकडं नेतो म्हणशील आणि वाटंत टाकशील," ती म्हणायची.

माझ्यावर तिचा डोळा जास्तच. आमच्याकडं बाई सगळ्यांच्या मागून जेवते. मी नवऱ्याचा डबा भरून द्यायची, त्यात डाळ घट्ट लागते म्हणून पातेलं तळापासून खरवडून द्यायची, आणि उरलेलं पिवळं पाणी भातावर ओतून स्वतः जेवायची. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. माझी आईही तसंच जेवायची. अव्वा बरोबर त्याच वेळेला मागल्या दारानं यायची आणि माझं ताट बघायची.

"डाळ कुटं हाय?"

"हे काय अव्वा, आहे ना."

"ही डाळ न्हवं यव्वा. ह्ये डाळीनं आंघूळ केल्यालं पाणी हाय."

आणि आपल्या घरची उसळ आणून माझ्या भातावर उपडी करायची. मी संकोचानं मरायची. परक्या गावात, परक्या बाईच्या घरचं रोज खायचं. नको म्हणायची हिंमत नव्हती आणि पोटाला हवं होतं. असं सगळं एकदम वाटायचं.

लग्नाच्या, बारशाच्या पंगतीत तिच्या शेजारी बसायला लोक टाळायचे. आमटीचं भांडं घेऊन वाढपी आला की ही त्याचं मनगट धरायची.

"खालनं घाल."

"खालनंच घालतोय की आज्जी."

"पळी बुडाला लागली की आवाज येतोय. मला आला न्हाय."

मग तो पोरगा चिडून पळी भांड्याच्या बुडावर आपटून दाखवायचा, आणि हिच्या एकटीच्याच नाही तर हिच्या पुढच्या-मागच्या सगळ्या पोराबाळांच्या द्रोणात घट्ट आमटी पडेपर्यंत त्याला हलता यायचं नाही. कित्येक यजमान तिला आमंत्रण देताना म्हणायचे, "आज्जी, यायचं बरं का, पर गप बसून जेवायचं."

शेजारी एक मामा राहायचे, टेम्पो चालवायचे. मोठं, दणदणीत कुटुंब. रविवार म्हणजे त्यांच्याकडं मटण, सकाळपासून मसाला वाटल्याचा आवाज. त्यांची सून बाळंत झाली होती. कोल्हापुरात एक समजूत पक्की, मटणाची ताकद रश्श्यात उतरते. त्यामुळं बाळंतिणीला, आजाऱ्याला वाट्यावर वाट्या पांढरा रस्सा पाजायचा, आणि फोडी मात्र आधी पुरुषांच्या ताटात, मग पाहुण्यांच्या, मग उरल्या तर. सून दोन्ही वेळेला रस्सा-भात खाऊन वाळत चालली होती आणि घरचे म्हणत होते, एवढी ताकद पाजतोय तरी अंगी लागत नाही.

त्या रविवारी अव्वा त्यांच्याकडं गेली. जन्मात तिनं मटणाला हात लावला नव्हता. वाससुद्धा सोसायचा नाही. तरी नाकाला पदर लावून त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट मांडून बसली. मी तिच्या मागं उभी.

"सुनंला वाडा," ती पदरातून म्हणाली.

मामींनी वाटीभर पांढरा रस्सा काढला.

"ह्ये पाणी झालं. घट्ट कुटं हाय?"

मामा बाहेरून हसत म्हणाले, "आज्जी, तुमी लिंगायत माणसं. तुमास्नी मटणातलं काय कळतंय?"

"मटणातलं न्हाय कळत. फोड कुणाच्या ताटात गेली ते दिसतंय की."

मामांनी ताट जरा मागं सरकवलं. त्यांच्या ताटात तेव्हा नळी होती. अव्वा उठलीच नाही. सुनेच्या ताटात फोडी पडल्या, तिनं त्या खाल्ल्या, तोवर ही नाक दाबून, डोळे मिटून, तोंडानं शिवाचं नाव घेत तिथंच बसली. असे कितीतरी रविवार गेले. पुढं पुढं मामी स्वतःच हाक मारायच्या, "आज्जी, या, बघून जावा, वाडलंय."

अव्वा गेली ती दोन हजार सालानंतर, बसल्या बसल्या, कुणाला त्रास न देता. माहेरची माणसं आली. ती गेल्यावरच्या जेवणाला पंगत बसली तेव्हा वाढायला मामा होते. डोळे पुसत पुसत त्यांनी आमटीवरच्या पोराला सांगितलं, "खालनं घाल रं बाबा. वर बसून बगत आसंल ती." पंगतीत लोक रडत होते आणि हसतही होते.

मी आता अंगणवाडीत मदतनीस आहे. भिंतीवर तक्ता आहे, त्यावर डाळी, अंडी, दूध यांची चित्रं आणि खाली 'प्रथिने' असं लिहिलेलं. आमच्या बाई तो शब्द मुलांच्या आयांना समजावून सांगतात. त्यानं शरीर बांधलं जातं, झीज भरून येते, नुसत्या भातानं ते होत नाही, भाताला डाळीची जोड लागते. आया माना हलवतात. मी बाजूला उभी राहून खिचडी ढवळत असते. मला तो शब्द ऐकला की घट्ट असंच ऐकू येतं.

पण अव्वाचं हे वेड कुठून आलं ते मला माझ्या पोरीच्या आजारपणात कळलं. ते सांगते.

पोरगी कोल्हापुरातच झाली. दीड वर्षाची होईपर्यंत छान होती. अंगावरचं दूध तोडलं आणि पाठोपाठ तिला गोवर आला. गोवर म्हणजे घरात देवी आलेली, असं आमच्याकडं मानतात आणि अव्वाच्याकडंही. दाराला लिंबाचा डहाळा लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही, बाहेरच्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. अव्वानंही ओलांडला नाही. बाहेरूनच विचारायची, "काय खाल्लं?" मी आतून सांगायची, "पेज." आईनं मला तसंच शिकवलं होतं. डाळ उष्ण, दूध बाधतं, अंड्याचं तर नाव नको. देवीच्या पथ्यात अव्वाही ढवळाढवळ करायची नाही. तेवढ्यात अव्वाच्या माहेरी भावाच्या मुलीचं लग्न निघालं आणि ती निपाणीकडं गेली, ती बरेच दिवस तिकडंच राहिली.

गोवर गेला, पण त्याच्या मागं हगवण लागली. हगवण म्हणून परत पथ्य. पेज, साबुदाण्याचं पाणी, पेज. मी इतकी भिऊन होते की दुसरं काही तोंडात घालायला हात धजत नव्हता. आणि मग हळूहळू पोरगी भरली. गाल वर आले. पाय गोल झाले, पैंजण रुतायला लागले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "बाळसं धरलं गं पोरीनं." केस तांबूस झाले होते, तर म्हणाल्या, "सायबाची पोर दिसतीय." रडत नव्हती, खेळतही नव्हती, एका जागी बसवली की तिथंच बसायची. म्हणाल्या, "लई गुणी हाय." माझ्या मनात कुठंतरी खुट्ट व्हायचं, पण सगळ्या म्हणतायत तर असेल, असं म्हणून मी तिच्या गालाला काजळाची तीट लावली.

अव्वा परत आली ती सकाळची वेळ होती. हातातलं गाठोडंसुद्धा खाली ठेवलं नव्हतं. मी पोरीला मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसले होते, शेजारी मामी होत्या. मी कौतुकानं म्हटलं, "बघा अव्वा, किती गुटगुटीत झाली."

तिनं गाठोडं टाकलं. पोरीचा पाय हातात घेतला आणि पावलावर अंगठा ठेवला. तिचा तो अंगठा इतका हलका मी कधी पाहिला नव्हता. उचलला. पोरीच्या पावलावर खड्डा पडला होता, कणकेच्या गोळ्यावर बोट टेकल्यासारखा. तो भरून येईना. मी वाट बघतेय, मामी बघतायत, तो तसाच.

अव्वा ओरडेल असं मला वाटलं.  ती आत जाऊन चादर घेऊन आली, पोरीला तिच्यात गुंडाळलं आणि रिक्षाच्या दिशेनं चालायला लागली. मी अनवाणी तिच्या मागं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पोरीला उलटसुलट बघितलं, केस बघितले, पायावरची सोलवटलेली कातडी बघितली. म्हणाल्या, "हे बाळसं नाही, सूज आहे. हिच्या अंगात प्रथिनं कमी पडलीत. आजारात पथ्य फार झालं. हिला इथं ठेवावं लागेल."

 त्या मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत, उलट पाणी दिलं प्यायला. मी ते विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी अव्वा डबा घेऊन हजर. घट्ट डाळ, चमचा उभा राहील अशी. डॉक्टरबाईंनी झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं.

"आज्जी, आत्ता नाही. एवढं तिच्या शरीराला पेलणार नाही. आधी थोडं थोडं पातळ दूध, साखर, जरासं तेल. वाटी-चमच्यानं."

"पोर घट्टावाचनं सुजलीया आणि तुमी पाणी पाजताय व्हय?"

"एकदम दिलं तर जिवावर बेतेल, आज्जी. तिचं पोट, काळीज सगळं दमलंय. थोडे दिवस थांबा. मग मीच तुमची डाळ मागणार आहे."

अव्वा व्हरांड्यात जाऊन फुगून बसली. मला म्हणाली, "ही काल जलमल्याली पोरगी मला शिकवतीया." पण डबा परत आणला नाही. म्हणजे आणला, पण तो वॉर्डातल्या आयांसाठी. पोरांच्या खाटांशी बसलेल्या त्या बायका दोन-दोन दिवस चहावर काढायच्या. अव्वा खाटेखाटेपाशी जाऊन त्यांच्या नडग्या दाबायची आणि डाळ वाढायची. सिस्टर रागावल्या, मग सिस्टरांच्याही नडग्या दाबून झाल्या.

आणि मग पोरगी वाळायला लागली.

सूज उतरत होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की दवाखान्यात आणलेली गोल पोरगी रोज थोडी थोडी नाहीशी होतेय. गाल बसले. पाय काड्यांसारखे झाले. चेहरा म्हातारीचा दिसायला लागला. खायला बघितलं की तोंड फिरवायची. सिस्टर चमचा चमचा घालायच्या, निम्मं बाहेर यायचं. डॉक्टरबाई सांगायच्या, पाणी उतरलं की खरं अंग दिसतं, असंच होतं, घाबरू नका. पण घाबरू नका म्हटल्यानं भीती कुठं जाते? मामी बघायला आल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हुती तेवडी बी गेली की गं." त्या चांगल्या मनाच्या होत्या. पण ते वाक्य माझ्या नवऱ्यानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फौंड्रीतून रजा टाकून आला तो पिशवी भरूनच. कपडे, पांघरूण, पाण्याची बाटली.

"चाल," मला म्हणाला. "पोरीले घे. आजच्या गाडीनं गावाले जाऊ."

"डॉक्टर नाही म्हणतात."

"डाक्टरले काय? पोरगी माह्या डोळ्यासमोर सुकून चालली. मराचीच असन तर आपल्या गावात मरन, आपल्या माणसांत. काहून ठेवतेस अठी?"

 मलाही आई हवी होती. त्या क्षणी कुणी मला गाडीत बसवलं असतं तर मी बसले असते. मी पोरीला उचलली, चादरीत घेतली. तिला वजनच नव्हतं.

वॉर्डाच्या दारात अव्वा बसली होती. नेहमी भिंतीला टेकून बसायची, आज उंबऱ्यावर, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत पाय पसरून.

नवरा म्हणाला, "अव्वा, बाजूले व्हा."

"तुडवून जा."

"अव्वा, तुमचे उपकार आहेत. पण पोरगी माही आहे."

"व्हय, तुजीच हाय. माजी बी माजीच हुती."

आम्ही दोघं थांबलो. तिला पोर होती हे गल्लीत कुणी कधी बोललं नव्हतं. ती आमच्याकडं बघत नव्हती, समोरच्या नळाकडं बघत बोलत होती. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"एकुलती लेक. हिच्याएवडीच. आशीच भरली हुती. मी अंगठा दाबायची, खड्डा पडायचा, मला लई मौज वाटायची. मला वाटायचं, लोण्याचं अंग हाय माज्या पोरीचं. सासू म्हणायची, दिष्ट लागंल, कुणाला दावू नगंस. मग दवाखान्यात न्हेलं. तितल्या डाक्टरनं ठेवून घेतलं. पाणी उतराय लागलं आणि पोर आशीच, आशीच वाळली. सासू म्हणाली, ह्यांनी मारली पोर. आमी गाडी जुपली आणि उचलून आणली. डाक्टर फाटकापतूर मागं आलता. हात जोडत हुता तो. मी मागं वळून बगितलं न्हाय."

नवरा उभाच.

"घरात आणून काय दिलं?" ती स्वतःलाच विचारल्यासारखी म्हणाली. "डाळीच्या वरचं पाणी."

 मी विचारलं, "नाव काय होतं, अव्वा?" तिनं मान हलवली. सांगणार नाही म्हणून, की आठवत नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

"जायाचं तर जावा," ती म्हणाली. "मी म्हातारी किती आडवणार. पर सूज उतरल्याली पोर घिऊन जाऊ नगा. ही मराय लागली न्हाय. ही पाण्यातनं भाईर आलीया."

नवऱ्यानं पिशवी खाली ठेवली. दारातच, अव्वाच्या पायांअलीकडं उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. फौंड्रीतल्या काळ्या वाळूनं त्याची नखं भरलेली होती. मी पोरीला परत खाटेवर ठेवली. आमची गाडी त्या दिवशी आमच्याशिवाय गेली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. नवरा पाळी संपली की व्हरांड्यात येऊन बसायचा. अव्वा असायचीच. दोघं एकमेकांशी बोलत नसत, पण तिनं दिलेले फुटाणे तो मुकाट खायचा.

मग एका सकाळी सिस्टर वाटी घेऊन आल्या. पोरीनं तोंड फिरवलं नाही. एक चमचा गिळला, दुसरा गिळला. वाटी संपली. सिस्टर उठल्या आणि पोरीनं त्यांच्या पांढऱ्या झग्याचं टोक मुठीत धरलं. त्यांनी हसून सोडवलं, दोन पावलं टाकली, आणि ती रडली. कण्हली नाही, रडली. तोंड लालबुंद करून, पाय झाडत, वाटीकडं हात करून, सगळा वॉर्ड जागा होईल अशी. पलीकडची मुलं दचकली. एक बाई कुरकुरली. मी शरमून धावले, तिच्या तोंडावर हात ठेवून तिला गप्प करायला.

"हात काड," व्हरांड्याच्या खिडकीतून अव्वा म्हणाली. गज धरून उभी होती, तिच्यामागं माझा नवरा. "गप करू नगंस तिला. भुकंचं हाय ते."

मी हात काढला. सिस्टर दुसरी वाटी आणायला गेल्या. त्या येईपर्यंत पोरगी रडत राहिली, आणि आम्ही तिघं ते ऐकत राहिलो.